निवृत्तीनंतर आयुर्विमा एजंट व्हायचंय? आधी पॅन तपासा

साठी उलटल्यावर आयुर्विम्याची एजन्सी मिळते. १८ वर्षं पूर्ण हवीत, कमाल वयाची अट नाही. शिक्षण दहावी पास; जुन्या अकरावीच्या मॅट्रिकवाल्यांनी तेच प्रमाणपत्र जोडावं. पगार मात्र नसतो, मिळतं ते कमिशन.

अर्ज विमा क्षेत्रावर देखरेख करणाऱ्या 'आयआरडीएआय' या सरकारी संस्थेकडे करायचा नसतो, ज्या कंपनीचं काम करायचं तिच्या शाखेत 'नमुना १-अ' भरायचा. सोबत पॅन, आधार, दहावीचं प्रमाणपत्र, फोटो आणि रद्द केलेला चेक. बायकांचे अर्ज बहुधा नावावर अडतात: दहावीच्या कागदावर माहेरचं नाव, पॅनवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र आधीच जोडलं तर हेलपाटे वाचतात.

खरी गोम पॅनमध्ये आहे. एका माणसाला एकाच आयुर्विमा कंपनीची एजन्सी घेता येते आणि कंपनी ते पॅनवरून तपासते. नवरा सरकारी नोकरीत म्हणून कधीकाळी बायकोच्या नावावर काढलेली एजन्सी पुष्कळ घरांत निघते, अन् ती अजून चालू आहे हे कुणाच्या लक्षातही नसतं. दुसऱ्या कंपनीत जायचं तर जुन्या कंपनीला राजीनामा देऊन एजन्सी संपल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्या तारखेपासून ९० दिवस नवा अर्ज विचारात घेत नाहीत.

पॅनमध्ये अडचण नसेल तर २५ तासांचं प्रशिक्षण आणि मग विमा एजंटांसाठीची 'आयसी-३८' परीक्षा. संगणकावर ५० प्रश्न, वेळ एक तास, उत्तीर्ण व्हायला ३५ टक्के, म्हणजे १८ उत्तरं बरोबर हवीत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. मराठीत परीक्षा देता येते; भाषा नोंदणीच्या वेळीच सांगा. मराठी पुस्तकातले 'विमायोग्य हित' असले शब्द मात्र पहिल्या वाचनात डोक्यावरून जातात, त्यामुळे सराव प्रश्नपत्रिका मराठीतल्याच सोडवा. केंद्रावर प्रवेशपत्र आणि मूळ ओळखपत्र लागतं, झेरॉक्स चालत नाही.

उत्तीर्ण झाल्यापासून १२ महिन्यांत नेमणूक घ्यायची. कागद पूर्ण असतील तर कंपनीने १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. नाकारलं तर कारण लेखी मागा.

एक गोष्ट शाखेत कुणी आपणहून सांगेलच असं नाही: 'पहिला हप्ता मी भरतो' म्हणून पॉलिसी विकणं विमा कायद्याच्या कलम ४१ खाली बेकायदेशीर आहे, दंड होऊ शकतो. आणि सही करण्याआधी वर्षाला किमान किती पॉलिसी आणाव्या लागतात ते विचारा. गिऱ्हाईक म्हणून नातेवाईक पहिल्या वर्षातच संपतात.