सायकलचं हेल्मेट किती वर्षं चालतं?

रविवारची राइड संपवून मंडळी चहाच्या टपरीवर थांबली की अधूनमधून हा विषय निघतोच. हेल्मेट घेऊन पाच वर्षं झाली, दिसायला ठणठणीत आहे, मग टाकायचं का? एक जण म्हणतो, कंपनीने लिहिलंय ना, मग बदलायचं, डोक्याशी खेळ नको. दुसरा म्हणतो, हे सगळं नवीन माल खपवायचं निमित्त आहे. दोघंही ठामपणे बोलतात, पण पुरावा कुणीच पुढे करत नाही. पुरावा उपलब्ध आहे, आणि तो नीट समजून घेतला तर पैसेही वाचतात आणि डोकंही.

आधी हेल्मेट नेमकं काय करतं ते पाहू. पाच किलो वजनाचं डोक्याच्या आकाराचं एक धातूचं ठोकळं घ्यायचं, त्याला हेल्मेट घालायचं आणि दोन मीटर उंचीवरून पोलादी ऐरणीवर सोडायचं, अशी अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाची, म्हणजे सीपीएससीची, चाचणी असते. १० मार्च १९९९ नंतर तिथल्या बाजारासाठी बनलेल्या प्रत्येक सायकल हेल्मेटला ती पार करावी लागते. ऐरणीवर पोहोचेपर्यंत ठोकळ्याचा वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर होतो. आत बसवलेल्या मापकावर धक्का ३०० जीच्या वर जाता कामा नये, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तीनशे पटींच्या वर. युरोपच्या ईएन १०७८ या मानकात आपटण्याचा वेग थोडा कमी आहे, पण मर्यादा २५० जीची आहे.

आता एक साधा हिशेब करू. उघडं डोकं याच वेगाने डांबरावर आपटलं तर थांबायला त्याला जेमतेम दोन मिलिमीटर मिळतात. एवढ्या कमी अंतरात वेग शून्यावर आला तर सरासरी धक्का हजार जीच्या आसपास जातो. तेच थांबण्याचं अंतर वीस मिलिमीटर झालं तर धक्का शंभरच्या जवळ येतो. प्रत्यक्षातला कमाल आकडा या सरासरीच्या वर असतो, पण फरक दहापटीचा आहे हे लक्षात येतं. हेल्मेटचं सगळं काम या वीस मिलिमीटरमध्ये आहे, आणि ते सुमारे सहा सहस्रांश सेकंदात उरकतं.

हे वीस मिलिमीटर मिळवून देतो तो थर्माकोल, म्हणजे एक्स्पांडेड पॉलिस्टायरीन. पॉलिस्टायरीनच्या बारीक दाण्यांमध्ये पेंटेन वायू कोंडलेला असतो. वाफ दिली की दाणे फुगून साबुदाण्याएवढे होतात आणि साच्यात एकमेकांना चिकटतात. प्रत्येक दाण्यात हवेचे असंख्य बंद कप्पे असतात. आघात झाला की त्यांच्या भिंती मोडतात, आणि भिंती मोडण्यात जी ऊर्जा खर्च होते ती डोक्यापर्यंत पोहोचत नाही. वरचं चकचकीत पातळ कवच घासत सरकण्यासाठी आणि थर्माकोल फुटून विखरू नये यासाठी असतं. धक्का सोसण्याचं मुख्य काम थर्माकोलचंच. बेल कंपनीने १९७५ मध्ये 'बेल बायकर' हे असं अस्तर असलेलं सायकल हेल्मेट आणलं, आणि आज पन्नास वर्षांनंतरही बहुतेक हेल्मेटांच्या पोटात हाच पदार्थ आहे.

मोडलेल्या भिंती पुन्हा उभ्या राहत नाहीत. म्हणूनच हे हेल्मेट एकाच अपघाताचं असतं. यात एक फसवी गोष्ट आहे, आणि ती प्रत्येक सायकलवाल्याने नीट समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. चेपलेला थर्माकोल आघातानंतर थोडा परत फुगतो. पूर्ण नाही, पण डोळ्यांना फरक कळू नये इतका नक्की. कवचावर एखादा ओरखडा दिसतो, आत सगळं जागच्या जागी वाटतं. पण तो भाग आता दबलेला आहे. पुढच्या वेळी तिथेच मार बसला तर मोडायला तिथे फारसं काही उरलेलं नसतं, आणि उरलेला धक्का थेट कवटीकडे जातो.

आमच्या ग्रुपमधले एक काका घाटाच्या उतारावर, पावसाने ओल्या झालेल्या वळणावर घसरले. खांद्याला खरचटलं, डोक्याला काही नाही. हेल्मेट एकदम शाबूत आहे, असं ते कौतुकाने सांगत होते. मी ते हातात घेतलं, आतल्या गाद्या वेल्क्रोवरून ओढून काढल्या आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरला. कानाच्या वरच्या बाजूला, हवा खेळायच्या दोन खिडक्यांच्या मधल्या पट्टीवर केसाएवढी एक भेग होती. दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून हलकेच वाकवलं तर ती उघडली आणि बारीक करकर आवाज आला. कवचावर त्या जागी फक्त धुळीचा एक पट्टा होता. काकांनी त्याच संध्याकाळी नवीन घेतलं.

तेव्हा पहिला नियम अगदी सरळ आहे: डोकं आत असताना हेल्मेट आपटलं, तर ते बदलायचं, मग ते काल घेतलेलं का असेना. पण रिकामं हेल्मेट हातातून निसटून फरशीवर पडलं तर लगेच धास्ती घ्यायचं कारण नाही. तीनशे ग्रॅमचं हेल्मेट एक मीटरवरून पडलं तर ऊर्जा तीन ज्यूलच्या आसपास असते. चाचणीत तेच थर्माकोल शंभर ज्यूलच्या जवळपास झेलतं. आत टॉर्च मारून भेग नाही ना हे बघावं आणि निर्धास्तपणे वापरावं. रोज फेकाफेक होत असेल, बॅगेत जड सामानाखाली चेंगरत असेल, तर मात्र गोष्ट वेगळी.

आता त्या पाच वर्षांकडे येऊ. हा आकडा येतो मुख्यतः स्नेल फाउंडेशन आणि हेल्मेट कंपन्यांकडून. १९५६ मध्ये पीट स्नेल हा अमेरिकी कार-रेसर डोक्याला मार लागून गेला, आणि पुढच्याच वर्षी त्याच्या नावाने ही संस्था सुरू झाली. हेल्मेटच्या मानकांवर तिने मोठं काम केलंय, तेव्हा तिचं म्हणणं हलक्यात घेता येत नाही. तिचा युक्तिवाद असा: गोंद, रसायनं, घाम, केसांचं तेल, सौंदर्यप्रसाधनं आणि रोजची झीज यांनी हेल्मेट हळूहळू खराब होतं, शिवाय दरम्यान चांगली हेल्मेटं बाजारात येतात, म्हणून पाच वर्षांनी बदला. सीपीएससी मात्र वापर आणि निगा पाहून पाच ते दहा वर्षं म्हणते. दोन जबाबदार संस्थांच्या सल्ल्यात एवढं अंतर आहे, यावरूनच दिसतं की पाच हा सावधगिरीने ठरवलेला आकडा आहे. त्या दिवशी हेल्मेटमध्ये काही घडतं असं नाही.

कॅनडातल्या अलिसा डिमार्को, गुंटर सिगमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासायचं ठरवलं. त्यांच्या गटाने आधी, २०१६ मध्ये, वापरलेल्या हेल्मेटांच्या अस्तरातून गोल तुकडे कापून दाबून पाहिले. वयामुळे थर्माकोलच्या गुणधर्मांत फरक पडल्याचं दिसलं नाही. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोकांनी प्रत्यक्ष वापरलेली ६७५ सायकल हेल्मेटं होती, आणि सगळ्यांत जुनं २६ वर्षांचं. ती चाचणीच्या ऐरणीवर आपटली. वयाचा परिणाम नगण्य निघाला. पंधरा-वीस वर्षांचं, नीट ठेवलेलं हेल्मेटही धक्का जवळपास नव्यासारखाच शोषत होतं.

माझ्या दृष्टीने हा या सगळ्या चर्चेतला सर्वांत वजनदार पुरावा आहे. पॉलिस्टायरीन हा टिकाऊ पदार्थ आहे. तो कुजत नाही, म्हणून तर नदीनाल्यात त्याचा एवढा त्रास होतो. नुसता काळ गेला म्हणून तो कमजोर होत नाही. पण हा दिलासा धड राहिलेल्या हेल्मेटपुरताच घ्यायचा. आपल्याकडची हेल्मेटं कशी राहतात, हा प्रश्न उरतोच.

गणपतीला थर्माकोलचं मखर केलेल्या कुणालाही विचारा. २०१८ च्या बंदीआधी घरोघरी हे चालायचं, आणि पहिल्यांदा करणारा हौसेने स्प्रे पेंट मारून बसायचा. दोन मिनिटांत पांढऱ्या कमानीवर खळगे पडायचे, कडा विरघळून आत ओढल्या जायच्या. कारण रंगातला सॉल्व्हंट पॉलिस्टायरीन खातो. हेल्मेटचं अस्तर त्याच पदार्थाचं आहे, फक्त जास्त घट्ट. म्हणून हेल्मेटला थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर लावायचं नाही, हौसेने ऑइल पेंट किंवा स्प्रे मारायचा नाही, तुटलेला कोपरा मिळेल त्या गोंदाने चिकटवायचा नाही. डास पळवणाऱ्या ज्या मलमांत आणि स्प्रेत डीट असतं, तेही बऱ्याच प्लास्टिकना मऊ करतं. हात पुसून मगच हेल्मेटला लावावा. केसांना तेल लावून निघणाऱ्यांनी आत एक पातळ सुती टोपी घालावी. तेल आधी गाद्यांमध्ये मुरतं, पण अस्तराशी त्याची रोज गाठ पडू देण्यात काही फायदा नाही. साफ करायला साधं पाणी आणि सौम्य साबण पुरतो.

उष्णतेकडे आपण त्याहून कमी लक्ष देतो. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं, पण सतत वापरासाठी त्याची मर्यादा पंचाहत्तर-ऐंशी अंशांचीच धरतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात संशोधकांनी कडक उन्हात गाड्या उभ्या केल्या, तर तासाभरात डॅशबोर्डचं तापमान सरासरी ६९ अंशांवर गेलं. मे महिन्यातल्या नागपूर-चंद्रपूरच्या दुपारी बंद गाडीत मागच्या काचेखाली काळं हेल्मेट दिवसच्या दिवस पडलं असेल, तर त्याचं काय होत असेल याचा अंदाज बांधता येतो. कवचावर फुगे आले, ते थर्माकोलपासून सुटून वर आलं, किंवा बोटाने टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला, तर ते उष्णतेने गेलं असं समजावं. उन्हाची दुसरी खूण म्हणजे रंग उडणं आणि कवच पिवळट, खडूसारखं होणं. अतिनील किरणांनी प्लास्टिक ठिसूळ होतं. सायकल गॅलरीत असते म्हणून हेल्मेटही तिथेच हँडलला बारा महिने लटकत असेल, तर ते घरात एखाद्या कपाटात आणणं ही फुकटातली निगा आहे.

स्कूटर-मोटरसायकलवाल्यांनाही इथे दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात, कारण त्यांच्याही हेल्मेटमध्ये हेच अस्तर असतं. हेल्मेट आरशाच्या दांडीवर अडकवायची सवय सर्रास दिसते. दांडीचं टोक आतून थर्माकोलला टोचत राहतं आणि नेमका टाळूवर खळगा पडतो. पेट्रोलच्या टाकीवर हेल्मेट ठेवणंही तसंच टाळावं.

थर्माकोलआधी दम सोडतात ते पट्टे, बक्कल आणि मागची घट्ट करायची चकती. घामाच्या मिठाने पट्टा ताठर होतो, शिवणीजवळ धागे सुटतात, आणि चकतीचे प्लास्टिकचे बारीक दात झिजले की ती फिरते पण पकडत नाही. हे किरकोळ नाही. पहिल्या धक्क्यात डोक्यावरून निघून गेलेलं हेल्मेट दुसऱ्या धक्क्याला कामाचं नसतं. पट्टा बांधून हेल्मेट दोन्ही हातांनी पुढून वर ढकलून पाहा. कपाळ उघडं पडत असेल तर आधी पट्टे नीट करा, आणि तरीही सरकत असेल तर बदला. नुसत्या गाद्या झिजल्या असतील तर त्या वेगळ्या मिळतात, त्यासाठी अख्खं हेल्मेट टाकायची गरज नाही.

जुनं हेल्मेट धड असूनही बदलावं असं एक कारण मला पटतं, ते म्हणजे रचनेतली सुधारणा. वरच्या चाचण्या सरळ धक्का मोजतात. पण सायकलवरून पडणारा माणूस बहुतेक वेळा तिरका आपटतो, डोक्याला जोराचा पीळ बसतो आणि मेंदू कवटीत फिरतो. मेंदूच्या पेशींचे लांब धागे या पिळाने ताणले जातात. स्टॉकहोममधले न्यूरोसर्जन हान्स फॉन होल्स्ट आणि संशोधक पीटर हाल्डिन यांनी यावर काम करून मिप्स नावाची व्यवस्था आणली. अस्तराच्या आत एक पातळ थर असतो, जो आघाताच्या वेळी दहा-पंधरा मिलिमीटर सरकतो आणि पिळाचा काही भाग खाऊन टाकतो. अमेरिकेतलं व्हर्जिनिया टेक विद्यापीठ २०१८ पासून सायकल हेल्मेटांना अशाच तिरक्या आघातांवर तारांकन देतं, आणि ते सगळ्यांना पाहता येतं. तेव्हा दहा वर्षांपूर्वीचं साधं हेल्मेट असेल आणि परवडत असेल, तर बदलायला हे उत्तम निमित्त आहे. मात्र नव्वदीतलं, वर कवचाऐवजी नुसतं कापडी आवरण असलेलं हेल्मेट कुणाच्या माळ्यावर सापडलं, तर ते वापरूच नये. तशी हेल्मेटं रस्त्याला अडकायची आणि फुटायची.

वय शोधायचं असेल तर आतल्या गादीखाली स्टिकर असतो. त्यावर मानकाचं नाव आणि बनल्याचा महिना व वर्ष छापलेलं मिळतं. स्टिकरच नसेल, किंवा कुठल्याच मानकाचा उल्लेख नसेल, तर ते नवं असलं तरी विकत घेऊ नये. मोठ्या भावंडाचं हेल्मेट धाकट्याला द्यायला काहीच हरकत नाही, कारण ते कधी आपटलं हे घरात माहीत असतं, आणि मापात बसतंय एवढंच पाहायचं. अनोळखी माणसाकडून सेकंडहँड घेणं मात्र मी कुणालाच सुचवणार नाही. सायकल सेकंडहँड घ्या, खुशाल घ्या. हेल्मेटचा आधीचा अपघात, तुम्ही कितीही निरखून पाहिलं, तरी दिसेलच असं नाही.

आणि अपघातातलं हेल्मेट टाकून देताना आधी कात्रीने त्याचे पट्टे कापा. तसंच दिलं तर भंगारातून ते पुन्हा कुणाच्या तरी, बहुधा एखाद्या मुलाच्या, डोक्यावर जातं, आणि त्या मुलाला वाटत राहतं की आपण हेल्मेट घातलंय.