राजापूर लोकसभा मतदारसंघ

राजापूर हा महाराष्ट्राच्या दक्षिण कोकणातील लोकसभेचा माजी मतदारसंघ. १९५७ ते २००४ या काळात या नावाने १३ सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि त्यांतून चारच खासदार निवडले गेले : बॅ. नाथ पै (३ वेळा), मधु दंडवते (५), सुधीर सावंत (१) आणि सुरेश प्रभू (४). २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत तो संपुष्टात आला व त्याचा प्रदेश नव्या रत्नागिरी–सिंधुदुर्ग मतदारसंघात गेला. १९७६ च्या पुनर्रचनेपासून अखेरपर्यंत महाराष्ट्रातील लोकसभा मतदारसंघांच्या यादीत त्याचा क्रमांक १ होता, कारण तेव्हा ही यादी दक्षिण कोकणातून सुरू होऊन उत्तरेकडे सरकत असे. आता ती नंदुरबारपासून सुरू होते.

विस्तार : मतदारसंघाचा गाभा म्हणजे पूर्वीच्या अखंड रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग. सावंतवाडी, वेंगुर्ले, कुडाळ, मालवण, कणकवली, देवगड हा पट्टा आणि उत्तरेस राजापूरचा परिसर त्यात मोडे. यांतील सावंतवाडी हे स्वातंत्र्यापूर्वी संस्थान होते. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाल्यावर मतदारसंघाचा मोठा भाग एका जिल्ह्यात आणि ज्या गावाचे नाव त्याला होते ते राजापूर दुसऱ्या जिल्ह्यात, अशी स्थिती झाली. राजापूर हे जुने बंदर व बाजारपेठ असले तरी मतदारसंघाच्या उत्तर कडेला होते, मध्यावर नव्हते. त्याचे नाव का निवडले गेले असावे, याचा उलगडा परिस्थितीवरून होतो : ‘रत्नागिरी’ हे नाव उत्तरेकडील शेजारच्या मतदारसंघाला गेले होते आणि सिंधुदुर्ग हे जिल्ह्याचे नाव तेव्हा अस्तित्वात नव्हते.

आरंभाचा प्रश्न : मतदारसंघाचा इतिहास १९५२ पासून मोजावा की १९५७ पासून, याबाबत दोन पद्धती संभवतात. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबई राज्यातील रत्नागिरी जिल्ह्याला ‘रत्नागिरी उत्तर’ आणि ‘रत्नागिरी दक्षिण’ असे दोन मतदारसंघ मिळाले होते. दक्षिणेतून काँग्रेसचे मोरेश्वर दिनकर जोशी निवडून आले. उत्तरेतून निवडून आलेले जगन्नाथराव भोसले हे आझाद हिंद सेनेतील सेनानी मूळचे सावंतवाडी भागातले, म्हणजे दक्षिणेचेच. ‘रत्नागिरी दक्षिण’ हेच राजापूरचे आधीचे रूप मानले, तर मतदारसंघाचा पहिला खासदार काँग्रेसचा ठरतो आणि एकूण निवडणुका १४ होतात. प्रदेशाच्या सलगतेच्या दृष्टीने ही मांडणी चुकीची म्हणता येणार नाही. तथापि दोन निवडणुकांच्या दरम्यान राज्यपुनर्रचना झाली, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि मतदारसंघांची नावे व रेषा नव्याने ठरल्या. नाव बदलले तरी सीमा तशीच पुढे आली असे गृहीत धरणे धोक्याचे असल्याने प्रस्तुत नोंदीत १९५७ हेच आरंभवर्ष धरले आहे. नंतरही रेषा स्थिर नव्हत्या. १९६७ ची निवडणूक १९६१ च्या जनगणनेवर, तर १९७७ ची १९७१ च्या जनगणनेवर आधारलेल्या आदेशानुसार झाली, आणि राज्याच्या एकूण जागा ४४ वरून ४५ व पुढे ४८ झाल्या. त्यामुळे १९५७ चे राजापूर आणि २००४ चे राजापूर यांच्या मतांच्या आकड्यांची थेट तुलना करताना सावधगिरी हवी.

नाथ पै यांचा काळ (१९५७–७१) : १९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर झाली. रत्नागिरी जिल्ह्यातील दोन्ही जागा काँग्रेसने गमावल्या. रत्नागिरीतून जनसंघाचे प्रेमजीभाई आशर आणि राजापुरातून प्रजा समाजवादी पक्षाचे नाथ पै निवडून आले. हा विजय केवळ लाटेचा होता की काय, याचा निकाल १९६२ मध्ये लागला. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन तो प्रश्न मागे पडला होता. काँग्रेसने राज्यातील ४४ पैकी ४१ जागा घेतल्या, तरी राजापूरने नाथ पैंनाच पुन्हा पाठवले. १९६७ मध्ये ते तिसऱ्यांदा निवडून आले.

वेंगुर्ल्यात जन्मलेल्या (२५ सप्टेंबर १९२२) नाथ पैंच्या वक्तृत्वाची कीर्ती एवढी मोठी की त्यांच्या संसदीय कामातील सर्वांत वजनदार भाग तिच्यामागे झाकला जातो. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असा निर्णय दिला. त्याच वर्षी नाथ पैंनी संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार पुनःस्थापित करणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. ते संयुक्त समितीकडे गेले, त्यावर दीर्घ चर्चा झाली, पण ते संमत होऊ शकले नाही. १९७१ मध्ये संमत झालेली २४ वी घटनादुरुस्ती सरकारने आणली असली, तरी तिचा गाभा या विधेयकातलाच होता. विरोधी बाकावरील, जेमतेम मूठभर सदस्यांच्या पक्षातील एका खासदाराने देशाच्या घटनात्मक वादाची दिशा ठरवावी, ही कोकणच्या संसदीय इतिहासातील अभिमानाची गोष्ट आहे आणि राजापूरच्या प्रत्येक नोंदीत तिला जागा मिळायला हवी. बेळगाव–कारवार सीमाभागाचा प्रश्नही त्यांनी अखेरपर्यंत लावून धरला. बेळगाव येथेच १८ जानेवारी १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. त्याआधीच, २७ डिसेंबर १९७० रोजी, लोकसभा विसर्जित झाली होती. त्यामुळे पोटनिवडणुकीचा प्रश्न आला नाही. मार्चमधील सार्वत्रिक निवडणुकीतच वारसाचा निर्णय झाला.

मधु दंडवते यांचा काळ (१९७१–९१) : प्रजा समाजवादी पक्षाने उमेदवारी दिलेले दंडवते अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, जन्माने कोकणाशी त्यांचा संबंध नव्हता. इंदिरा गांधींच्या बाजूने लाट असताना काँग्रेसने महाराष्ट्रात ४५ पैकी ४२ जागा जिंकल्या. उरलेल्या तिनांत राजापूर होते. संपूर्ण देशात त्या वर्षी प्रजा समाजवादी पक्षाचे दोनच खासदार निवडून आले, दंडवते आणि पश्चिम बंगालमधील काँटाईचे समर गुहा.

आणीबाणी जाहीर झाली तेव्हा दंडवते संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला होते. तेथेच वाजपेयी व अडवाणी यांच्यासह त्यांना अटक झाली. १९७७ मध्ये जनता पक्षातर्फे निवडून आल्यावर ते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी, वर्गभेद नसलेली गीतांजली एक्सप्रेस (डिसेंबर १९७७) आणि १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या कर्मचाऱ्यांना कामावर परत घेणे ही त्या कारकिर्दीची ठळक कामे. १९८० मध्ये काँग्रेसचे पुनरागमन झाले तरी जागा टिकली. १९८४ च्या निवडणुकीत तर महाराष्ट्रातून निवडून आलेले ते जनता पक्षाचे एकमेव खासदार होते. १९८९ मध्ये जनता दलातर्फे पाचव्यांदा विजयी होऊन ते विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले.

कोकण रेल्वेच्या श्रेयाबद्दल मतभेद आहेत. ही मागणी नाथ पैंच्याही आधीची असून तिच्यासाठी अनेकांनी आयुष्ये वेचली. रेल्वेमंत्री म्हणून तिला गती देणारे जॉर्ज फर्नांडिस आणि बांधकामाचे नेतृत्व करणारे ई. श्रीधरन यांची नावे स्वाभाविकपणे पुढे येतात. मात्र अडसर मुख्यतः पैशाचा होता. स्वतंत्र महामंडळ, केंद्राचे ५१ टक्के व महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, केरळ या राज्यांचे उरलेले भागभांडवल आणि रोख्यांतून उभारलेले कर्ज, ही रचना जुलै १९९० मध्ये साकार झाली, तेव्हा अर्थखाते राजापूरच्या खासदाराकडे होते. हा योगायोग गौण मानता येत नाही. २६ जानेवारी १९९८ रोजी मार्ग पूर्णपणे सुरू झाला, तोवर दंडवते खासदार राहिले नव्हते.

विरोधी मताची मीमांसा : १९५७ ते १९८९ या आठ निवडणुकांत राजापूरने एकदाही काँग्रेसला कौल दिला नाही. याची तीन कारणे दिली जातात. राष्ट्र सेवा दलाच्या शाखा व समाजवादी कार्यकर्त्यांचे जाळे हे पहिले; अप्पासाहेब पटवर्धनांच्या कणकवलीतील गोपुरी आश्रमासारख्या रचनात्मक कामानेही याच वातावरणात भर घातली. दुसरे कारण मुंबईचे. घरटी एखादा तरी माणूस गिरणीत किंवा गोदीत, आणि मनीऑर्डरबरोबर मुंबईतल्या कामगार चळवळीचे राजकारणही गावात पोचत असे. तिसरे कारण उमेदवारांच्या व्यक्तिमत्त्वाचे. पहिल्या कारणावर बहुधा गरजेपेक्षा जास्त भर दिला जातो. याच मतदारांनी विधानसभेला काँग्रेसचे आमदारही निवडले; सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले हे ठळक उदाहरण. समाजवादी संघटन निर्णायक असते तर ते विधानसभेतही तितकेच दिसले असते. दिल्लीला कोण जावे याचा विचार लोक वेगळा करीत, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. दुसरे कारणही सोडता येत नाही, कारण पुढे मतदारसंघ शिवसेनेकडे वळला तो मुंबईच्याच वाटेने. गिरण्यांचा १९८२ चा संप मोडल्यानंतर चाकरमान्यांच्या वस्त्यांतील राजकारण बदलले आणि त्याचा पडसाद काही वर्षांनी गावी उमटला.

१९९१ ते २००४ : १९९१ मध्ये राज्यात काँग्रेस, शिवसेना–भाजप युती आणि जनता दल अशी तिरंगी लढत होती. राजीव गांधींच्या हत्येनंतर झालेल्या मतदानात काँग्रेसने महाराष्ट्रातील ३८ जागा मिळवल्या. राजापुरात लष्करी अधिकारी राहिलेले सुधीर सावंत विजयी झाले व दंडवते पराभूत झाले. राजापूर या नावाखाली काँग्रेसला मिळालेले हे एकमेव यश.

१९९६ मध्ये शिवसेनेने सनदी लेखापाल व सारस्वत बँकेचे अध्यक्ष राहिलेले सुरेश प्रभू यांना उभे केले. त्या व नंतरच्या १९९८, १९९९ आणि २००४ च्या निवडणुका त्यांनी जिंकल्या. वाजपेयी मंत्रिमंडळांत त्यांनी उद्योग, पर्यावरण, रसायने व खते आणि वीज ही खाती सांभाळली. २००२ च्या अखेरीस नद्याजोड प्रकल्पाच्या कृतिदलाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पुढे २०१४ मध्ये ते रेल्वेमंत्री झाले, पण लोकसभेतून नव्हे; त्यानंतर लगेच ते राज्यसभेवर निवडून गेले.

विसर्जन : न्या. कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने २००१ ची जनगणना आधाराला घेतली. राज्याची लोकसंख्या ९,६८,७८,६२७ आणि जागा ४८, म्हणजे दर मतदारसंघामागे सरासरी सुमारे २०.१८ लाख. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ आणि रत्नागिरीची १६,९६,७७७. दोन्ही मिळून २५.६६ लाख. दोन मतदारसंघांना हा आकडा फार अपुरा, एकाला जास्त. विधानसभेच्या सरासरीने (सुमारे ३.३६ लाख) पाहता सिंधुदुर्गाच्या वाट्याला ३ व रत्नागिरीच्या वाट्याला ५ जागा आल्या. महाराष्ट्रात लोकसभेच्या एका मतदारसंघात ६ विधानसभा क्षेत्रे असतात. त्यानुसार सावंतवाडी, कुडाळ, कणकवली, राजापूर, रत्नागिरी व चिपळूण यांचा एक मतदारसंघ झाला. दापोली व गुहागर ही क्षेत्रे रायगडला जोडली गेली. दक्षिण कोकणाने दोन खासदारांऐवजी एकावर येण्याचे मूळ या गणितात, आणि गणिताचे मूळ स्थलांतरात आहे. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१३६ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १,०७९. जे पुरुष मुंबई–ठाण्यात मोजले गेले, त्यांनी तिकडच्या जागा वाढवल्या. २०११ च्या जनगणनेत तर दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटलेली आढळली.

नवी रचना १९ फेब्रुवारी २००८ पासून अंमलात आली. २००९ च्या निवडणुकीत रत्नागिरी–सिंधुदुर्गातून काँग्रेसचे निलेश राणे यांनी प्रभूंचा पराभव केला; २००५ मध्ये नारायण राणे शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेल्याने जिल्ह्यातील बलाबल आधीच पालटले होते. नंतर २०१४ व २०१९ मध्ये शिवसेनेचे विनायक राऊत, तर २०२४ मध्ये भाजपचे नारायण राणे येथून निवडून आले. राजापूर हे नाव आता विधानसभा मतदारसंघापुरते उरले आहे.