फेथियेच्या जेवणामागची शंभर वर्षे

तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील फेथिये गावात मासे खायचे, तर आधी मासळी बाजार गाठतात. मधोमध मासळीचे गाळे आणि भोवताली खानावळी. गाळ्यावर मासा निवडायचा, वजनावर पैसे मोजायचे आणि तोच मासा शेजारच्या खानावळीत शिजवायला द्यायचा. शिजवणावळ वेगळी. मासा येईपर्यंत टेबलावर मेझेच्या छोट्या बश्या मांडल्या जातात: दही, वांगी, ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या. 'मेझे' हा शब्द मूळचा फारसी, 'चव' या अर्थाचा. आपली 'मजा'ही त्याच शब्दातून आली.

हे जेवण एकट्या तुर्कांनी घडवलेले नाही. शंभर वर्षांपूर्वी या गावाला माक्री म्हणत आणि इथे ग्रीक ऑर्थोडॉक्स वस्ती मोठी होती. डोंगरापलीकडचे लिविसी तर जवळपास पूर्ण ग्रीक. उस्मानी (ऑटोमन) काळात किनाऱ्यावरच्या शहरांतली मद्यगृहे मुख्यतः ग्रीक आणि आर्मेनियन लोक चालवत. मासा, मेझे आणि बडीशेपेच्या वासाची दारू राकी, ही सांगड तिथेच रुळली. १९२२-२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातील युद्ध आणि लोकसंख्येच्या अदलाबदलीत ग्रीकांना घरे सोडावी लागली. लिविसी, म्हणजे आजचे कायाक्यॉय, ओसाड पडले. छप्पर नसलेली शेकडो दगडी घरे उतारावर अजून उभी आहेत. पायथ्याच्या खानावळींत पर्यटक स्वतःच निखाऱ्यावर मांस भाजून खातात. तिथे जेवणाऱ्याने वरच्या घरांकडे एकदा तरी निवांत पाहावे, असे मला मनापासून वाटते.

दुसरा वारसा डोंगरावरचा. किनाऱ्यावर उन्हाळ्यात उकाडा आणि हिवताप, म्हणून लोक गुरे-शेळ्यांसह वरच्या पठारांवर जात. योरुक या भटक्या पशुपालकांची पातळ पोळी, आत चीज किंवा पालक घालून लोखंडी तव्यावर भाजलेली, आज गोझलेमे म्हणून आठवडी बाजारात मिळते. बायका जमिनीवर बसून बारीक लाटण्याने ती लाटतात. आपल्याकडची पुरणपोळी लाटणारी बाई पाहिलेल्याला त्या हातांची सफाई लगेच कळेल. सोबत आयरान, म्हणजे खारट ताक.

२५ एप्रिल १९५७ च्या भूकंपात जुन्या गावाचा बहुतांश भाग कोसळला. म्हणून आजच्या बंदरकाठच्या इमारती नव्या आहेत.

खरी उलथापालथ १९८० नंतर झाली. १९८१ मध्ये जवळच दालामानचा विमानतळ सुरू झाला आणि १९८२ मध्ये पर्यटनाला सवलती देणारा कायदा आला. ब्रिटिश प्रवाशांची विमाने थेट उतरू लागली. जवळच्या ओल्युदेनिझच्या किनाऱ्याला बांधकामापासून संरक्षण मिळाल्यावर वरचे हिसारोन्यू गाव झपाट्याने वाढले आणि तिथे अंडी, सॉसेज, बीन्सचा इंग्रजी नाश्ता तुर्की नाश्त्याइतकाच सहज मिळू लागला. पुढे राहण्या-जेवणाचे 'सगळे पैसे आधीच' घेणारी हॉटेले पसरली. मनगटावर पट्टा बांधलेला पाहुणा आवाराबाहेर जेवायला कशाला येईल? याचा फटका छोट्या खानावळींना बसला.

तरीही दुकानदार आणि कामगारांची लोकांता, म्हणजे साधी खानावळ, टिकून आहे. काचेमागे सकाळी शिजवलेल्या भाज्या, डाळीचे सूप, भात; बोट दाखवायचे आणि ताट घ्यायचे. भाषा न येणाऱ्यासाठी याहून सोपी जागा नाही.

मासळी बाजारातले चिपुरा (सी ब्रीम) आणि लेव्रेक (सी बास) हे मासे मात्र आता बरेचसे मत्स्यशेतीतले असतात. फेथिये ज्यात येते त्या मुगला प्रांताच्या समुद्रात तरंगत्या पिंजऱ्यांमध्ये हे मासे १९८० च्या दशकापासून वाढवले जातात. समुद्रातून पकडलेला मासा हवा असेल, तर वजन करण्याआधी गाळेवाल्याला तसे विचारावे. भावात मोठा फरक असतो.