पहिला डीएसएलआर आणि माळावरचा वेडा राघू

परभणी, बीड, लातूरकडची पोरंपोरी पक्ष्यांच्या फोटोंच्या नादी लागली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणत्या कंपनीचा डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा आरशाचा कॅमेरा, घेऊ? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी लेन्सचं बघायचं. त्याच्याही आधी हे बघायचं की आपण फोटो काढणार कुठल्या उजेडात आणि किती लांबून.

वेडा राघूच घ्या. बांधावरच्या बाभळीवर, विजेच्या तारेवर तो आपल्याकडे कुठंही दिसतो. लांबी साधारण १८ सेंटिमीटर. उडता किडा दिसला की झेप घेतो, हवेतच पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच जागी परत येऊन किडा फांदीवर आपटून खातो. परत कुठं येणार हे आधीच ठाऊक असल्यामुळे शिकणाऱ्याला याच्यासारखा पक्षी नाही.

तो १५ मीटरवर बसलाय असं धरू. सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चिपवर, त्याची प्रतिमा केवढी पडेल याचा हिशोब शाळेतल्या गणिताचा आहे: पक्ष्याची लांबी गुणिले लेन्सची फोकल लेंथ (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेली तिची लांबी), भागिले अंतर. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स पूर्ण लांबवली, तरी प्रतिमा ०.६६ मिलिमीटरची येते. कॅननच्या २४ मेगापिक्सेलच्या साध्या डीएसएलआरचा सेन्सर २२.३ मिलिमीटर रुंद, आणि त्यावर आडवे ६,००० पिक्सेल, म्हणजे फोटो ज्यांचा बनतो ते बारीक ठिपके (दहा लाखांचा एक मेगापिक्सेल). म्हणजे राघूच्या वाट्याला आले पावणेदोनशे. एवढ्यात डोळा, चोच आणि डोळ्यावरची काळी पट्टी उमटवायची म्हटलं तर जमत नाही. आता ५५-२५० ची लेन्स लावा. प्रतिमा ३ मिलिमीटरची होते आणि पिक्सेल मिळतात आठशे. कॅमेरा तोच आहे, पण पिसांच्या कडा दिसायला लागतात.

हाच हिशोब आणखी दोन गोष्टी सांगतो. २४ मेगापिक्सेलचाच, पण ३६ मिलिमीटर रुंद सेन्सरचा महागडा फुल फ्रेम कॅमेरा घेतला, तर त्याच लांबीच्या लेन्सने त्याच राघूला पाचशेच पिक्सेल मिळतील, कारण तेवढेच पिक्सेल जास्त जागेत पसरलेले असतात. उजेड कमी असेल तेव्हा मोठ्या सेन्सरचा फायदा होतो, हे खरं. पण लांबचा पक्षी टिपायचा आणि पैसा मोजकाच, तर छोट्या सेन्सरचा कॅमेरा ही तडजोड अजिबात नाही. दुसरं असं की, १८ मेगापिक्सेलच्या जुन्या बॉडीवर (म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) लांबीच्या मापात २४ पेक्षा जेमतेम १३ टक्के पिक्सेल कमी मिळतात. तेवढ्यासाठी नवी बॉडी घेण्यात अर्थ नाही. वाचलेले पैसे लेन्सकडे वळवा.

लांब लेन्स महाग का, हे ॲपर्चरवरून, म्हणजे लेन्समधल्या उजेड आत घेणाऱ्या छिद्रावरून, कळतं. फोकल लेंथला ॲपर्चरच्या आकड्याने (एफ ५.६ मधल्या ५.६ ने) भागलं की उजेड आत येण्याच्या वाटेची रुंदी मिळते. ३०० मिलिमीटर, एफ ५.६ ची लेन्स असेल तर ती ५४ मिलिमीटर. एफ २.८ ची हवी असेल तर १०७. तेवढ्या रुंद काचा घासायच्या आणि पेलायच्या म्हणजे वजन आणि किंमत दोन्ही कैक पट. बदल्यात उजेड चौपट मिळतो. दाट जंगलातल्या सावलीत फोटो काढणाऱ्याला तो लागतोच. किनवटच्या सागवानी जंगलात तुम्हालाही स्वस्त लेन्सची मर्यादा लगेच जाणवेल.

पण आपलं बहुतेक निसर्गदर्शन उघड्या माळावर आणि पाण्याच्या काठावर होतं. लख्ख उन्हात एफ १६ ठेवलं तर शटरचा (सेन्सरसमोर उघडमिट करणाऱ्या पडद्याचा) वेग आयएसओच्या (सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या) आकड्याएवढा बसतो, हा फोटोग्राफीतला जुना नियम. आयएसओ ४०० ला सेकंदाचा चारशेवा भाग. तिथून एफ ५.६ वर आलात की उजेड आठपट, म्हणजे शटर जातं सेकंदाच्या ३,२०० व्या भागावर. याचा उपयोग बघा. २५० च्या लेन्ससमोर १५ मीटरवरून राघू सेकंदाला १० मीटर वेगाने आडवा गेला आणि शटर १/२५० असेल, तर तेवढ्या वेळात त्याची प्रतिमा सेन्सरवर १८० पिक्सेल सरकते आणि फोटोत फराटा येतो. १/३२०० ला ती सरकते फक्त १४ पिक्सेल. उरलेली कसर पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवून भरून निघते. मराठवाड्याचं ऊन स्वस्त लेन्सला असा हात देतं. सकाळी कोवळ्या उन्हात आयएसओ ८०० ते १६०० पर्यंत न्या. त्याने फोटोत थोडे दाणे दिसले तरी चालतील. हललेला फोटो मात्र नंतर कशानेही सुधारत नाही.

त्याच उन्हाची दुसरी बाजूही आहे. फेब्रुवारीनंतर दहा वाजले की माळ तापतो आणि जमिनीलगतच्या हवेचे गरम-थंड पट्टे हलायला लागतात. प्रत्येक पट्ट्यात प्रकाश थोडा वेगळा वळतो. जायकवाडीच्या नाथसागरावर, जो १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, शंभर मीटरवरचा रोहित (फ्लेमिंगो) ३०० च्या लेन्सने फ्रेमच्या पाव उंचीएवढा सहज मिळतो. पण दुपारी काढलेल्या त्या फोटोत मान वितळल्यासारखी दिसते. लोक लेन्सला दोष देतात आणि बदलून मागतात. अशा वेळी दहा मीटरवरचा एखादा दगड टिपून बघा. तो लख्ख आला तर लेन्स चांगली आहे, दोष मधल्या हवेचा आहे. लाखाची लेन्सही यावर उपाय नाही. उपाय म्हणजे पहाटे निघणं.

लेन्स कमी पडते म्हणून जवळ जाणंही सगळीकडे चालत नाही. टिटवी उघड्या जमिनीवर खड्यांत अंडी घालते. भर उन्हाळ्यात पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांवर बसून ती गार ठेवते. आपण फोटोसाठी तिला उठवून ठेवलं तर तेवढा वेळ अंडी उन्हात भाजतात. घरट्याचा फोटो पहिल्या वर्षी काढूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता बॉडी. मोठ्या कंपन्यांनी आपली ताकद आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळवलीय, त्यामुळे चांगले डीएसएलआर सेकंडहँड बाजारात आलेत. आरशामुळे डोळ्याला थेट लेन्समधून दिसतं, पडदा पेटवायला वीज लागत नाही. निकॉन डी३५०० ची बॅटरी ठरलेल्या चाचणीत एका चार्जवर १,५५० फोटो देते, दिवसभर काठावर बसणाऱ्याला हे फार सोयीचं. पण या मॉडेलमध्ये सेन्सर स्वतः झटकण्याची सोय नाही, आणि आपल्याकडे धुळीला तोटा नाही. वाऱ्यात लेन्स बदलणार असाल तर ध्यानात ठेवा. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेत फोकसची मोटर बॉडीत नसते. मोटर नसलेली जुनी लेन्स स्वस्तात मिळाली तरी त्यावर हाताने फोकस करावा लागेल. डी७२०० मध्ये ती मोटर आहे, शिवाय फोकसचे ५१ बिंदू. उडत्या पक्ष्यांची ओढ असेल तर सेकंडहँडमध्ये मी ही बॉडी किंवा कॅननची ८०डी शोधेन. एफ ५.६ च्या लेन्सवर १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारा जोड) चढवून लांबी वाढवण्याच्या मोहात मात्र पडू नका. ॲपर्चर एफ ८ होतं, आणि साध्या बॉडीचा फोकस तिथं हात टेकतो.

सेकंडहँड घेताना एफ १६ ला मोकळ्या आभाळाचा फोटो काढा. काळसर ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ, साफ करून घेता येते. लेन्समध्ये एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसरीकडून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या दमट हवेतून आलेल्या लेन्समध्ये ती जास्त सापडते, आणि काचेवरचा लेप एकदा खाल्ला की साफ करूनही डाग राहतो. अशी लेन्स निम्म्या भावात मिळाली तरी सोडून द्या. शटर किती वेळा उघडलंय तो आकडा मागा. डी७२०० चं शटर दीड लाख वेळांसाठी तपासलेलं आहे, तेव्हा वीस-तीस हजार झालेली बॉडी बिनधास्त घ्यावी. आणि विकणारा तुम्हाला तुमच्या कार्डावर दहा फोटो काढून घरी नेऊ देत नसेल, तर दुसरा बघा.