सर्व्हरला डेटाबेस जोडताना

(आमचे सर्व्हर सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दूध संस्था, पतसंस्था आणि दुकानदारांसाठी माहितीपत्रक)

सॉफ्टवेअर नवीन बसवले की "सर्व्हर बंद पडला" असे फोन येतात. जाऊन पाहावे तर सर्व्हर ठणठणीत, डेटाबेसही चालू. बिनसलेले असते ते दोघांमधल्या जोडणीत. ही जोडणी सेटिंग फाइलमधल्या मोजक्या ओळींवर चालते. प्रत्येक ओळीवर आम्ही मराठीत टीप दिली आहे, पण काही गोष्टी टिपेत मावत नाहीत. त्या इथे सांगतो. पत्रकात आकडे मराठीत छापले असले, तरी फाइलमध्ये इंग्रजीच टाइप करा.

आधी डेमोचा डेटाबेस सोडा

सॉफ्टवेअर पहिल्यांदा चालू होते ते एच-टू नावाच्या डेटाबेसवर. तो म्हणजे सर्व्हरच्याच फोल्डरमधली एक फाइल. चाचणीला उत्तम, पण ही फाइल एका वेळी एकच प्रोग्रॅम उघडू शकतो. दुसरा आला की "डेटाबेस मे बी ऑलरेडी इन यूज" म्हणून अडतो. रोजच्या कामाला मायएसक्यूएल हा स्वतंत्र चालणारा डेटाबेस घ्या, शक्यतो ८.० किंवा त्यापुढची आवृत्ती. डेमोतल्या नोंदी आपोआप तिकडे जात नाहीत. म्हणून खऱ्या नोंदी सुरू करण्याआधीच बदल उरकून घ्या.

पत्ता, पोर्ट आणि युजर

मायएसक्यूएलचा नेहमीचा पोर्ट, म्हणजे मशीनवरच्या दाराचा क्रमांक, ३३०६. डेटाबेस त्याच मशीनवर असेल तर पत्ता १२७.०.०.१ टाकला की काम झाले. तो दुसऱ्या मशीनवर असेल तेव्हा खरी कसरत सुरू होते, आणि तिथे एरर नीट वाचला तर निम्मे काम वाचते.

"कनेक्शन रिफ्यूज्ड" आले तर समोरचे मशीन सापडले आहे, पण त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही. उबुंटूवर मायएसक्यूएल बसवल्यावर तो फक्त स्वतःच्या मशीनचेच ऐकतो; बाइंड ॲड्रेस (कुठल्या पत्त्यावर ऐकायचे ते सांगणारी सेटिंग) बदलावा लागतो. काहीच उत्तर न येता "टाइम्ड आउट" आले तर बहुधा नेटवर्कची रखवाली करणारा फायरवॉल आडवा आला आहे. "होस्ट इज नॉट अलाउड" किंवा "ॲक्सेस डिनाइड" आले, तर मात्र तुम्ही दारापर्यंत पोचलात आणि अडचण युजरची आहे. मायएसक्यूएलमध्ये युजर म्हणजे नुसते नाव नव्हे, तो कुठल्या मशीनवरून येणार हेही त्यातच धरलेले असते. लोकलहोस्टसाठी, म्हणजे त्याच मशीनसाठी, केलेला युजर शेजारच्या मशीनवरून आला तर पासवर्ड बरोबर असूनही आत जात नाही. त्या मशीनच्या पत्त्यासह युजर करा.

सगळे हक्क असलेला रूट युजर कृपया देऊ नका. आमच्या सॉफ्टवेअरला फक्त त्याच्या एका डेटाबेसवरचे हक्क पुरतात. आणि ३३०६ पोर्ट ऑफिसच्या नेटवर्कपुरताच उघडा, इंटरनेटवर कधीच नाही.

पूल किती मोठा ठेवावा

प्रत्येक बिलासाठी नवे कनेक्शन उघडायचे म्हटले तर वेळ जातो. म्हणून सर्व्हर काही कनेक्शन आधीच उघडून ठेवतो; या साठ्याला पूल म्हणतात. स्टँडवरच्या रिक्षांसारखी ती काम झाले की परत रांगेत येतात. हा पूल सांभाळणारी लायब्ररी हिकारी-सीपी. तिच्यात ठरवून दिलेली कमाल संख्या १० आहे.

काम मंदावले की हा आकडा १०० करण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळा. चार कोअर (प्रोसेसरचे काम करणारे भाग) आणि एक डिस्क असलेल्या मशीनसाठी प्रचलित हिशोब कोअरची दुप्पट अधिक डिस्क, म्हणजे ९ कनेक्शन. त्याहून फार जास्त कनेक्शन एकदम कामाला लागली की ती एकमेकांच्याच वाटेत येतात. शिवाय मायएसक्यूएलची स्वतःची मर्यादा मूळ सेटिंगमध्ये १५१ असते. दोन सर्व्हर आणि एक रिपोर्टचे मशीन असेल तर तिघांच्या पुलांची बेरीज या मर्यादेत बसली पाहिजे. पूल अपुरा पडल्याचा संशय आला तर आधी एखादा रिपोर्ट कनेक्शन अडवून बसला आहे का ते पाहा. डेटाबेसच्या यादीत बरीच कनेक्शन "स्लीप" दिसली तर घाबरू नका. ती स्टँडवर उभी आहेत, एवढेच.

सकाळचा पहिला एरर

दुकान उघडले, पहिले बिल केले, आणि अर्धा मिनिट थांबून "कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल" आले. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाला सगळे सुरळीत. डेटाबेस क्लाउडवर असलेल्यांकडे हे हमखास दिसते. मधला राउटर किंवा फायरवॉल बराच वेळ शांत असलेले कनेक्शन न सांगता तोडतो. हिकारी कनेक्शन हातात देण्याआधी ते जिवंत आहे का तपासते, आणि उत्तराची वाट ५ सेकंदांपर्यंत पाहते. अशी सहा मेलेली कनेक्शन लागोपाठ हाती आली की ३० सेकंद संपतात, आणि कनेक्शनसाठी थांबायची मूळ मर्यादा तेवढीच आहे.

उपाय म्हणजे कनेक्शनचे कमाल आयुष्य कमी करणे. मूळ सेटिंग ३० मिनिटांचे आहे. मधली यंत्रणा जितक्या वेळाने तोडते त्याहून ते थोडे कमी ठेवा. तिथे शून्य लिहू नका, शून्य म्हणजे अमर्याद आयुष्य. एकक जपा: हिकारीचे आकडे मिलिसेकंदांत असतात, म्हणजे ३० मिनिटांना १८०००००. मायएसक्यूएलचा वेट टाइमआउट (शांत कनेक्शन तोडण्याआधी थांबायची मुदत) मात्र सेकंदांत असतो, मूळ २८८००, म्हणजे ८ तास.

मराठी अक्षरे आणि भारतीय वेळ

कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, यूटीएफ-एट-एमबी-फोर ठेवा. मायएसक्यूएल ८.० पासून तोच मूळ आहे. जुन्या आवृत्त्यांत लॅटिन-वन असायचा. त्यात सभासदाचे नाव मराठीत भरले तर नोंद नाकारली जाते, नाहीतर नावाच्या जागी प्रश्नचिन्हे साठतात. एकदा साठलेल्या प्रश्नचिन्हांतून नाव परत मिळत नाही, नव्याने टाइप करावे लागते.

टाइमझोन एशिया/कोलकाता असाच लिहा. आयएसटी ही अक्षरे इस्रायल आणि आयर्लंडही वापरतात, त्यामुळे जुना ड्रायव्हर (सर्व्हरला डेटाबेसशी बोलू देणारा प्रोग्रॅम) ती पाहून अडतो. मग कोणीतरी इंटरनेटवर वाचून तिथे यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ, टाकतो. एरर जातो, स्क्रीनवर वेळही बरोबर दिसते. पण डेटाबेसमधून थेट तारखेवार काढलेल्या रिपोर्टमध्ये पहाटे सव्वापाचला घातलेले दूध आदल्या रात्री पावणेबाराच्या नोंदीत जाते. मग पहाटेचे संकलन आणि दिवसाची बेरीज जुळत नाही, आणि सचिव बिचारे वजनकाट्याला दोष देतात.

बदल केल्यावर

फाइल सेव्ह करा, सर्व्हर पुन्हा सुरू करा आणि लॉगमध्ये (सर्व्हर आपल्या कामाच्या नोंदी लिहितो त्या फाइलमध्ये) "हिकारीपूल-१ स्टार्ट कम्प्लीटेड" ही ओळ शोधा. ती दिसली तर जोडणी झाली. मग मराठी नावाची एक नोंद करून ती परत उघडून पाहा. रोजचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर जातो ना, हेही त्याच वेळी तपासा.

अडलात तर बदल करण्याआधीची फाइल, बदललेली फाइल आणि लॉगच्या शेवटच्या पानभर ओळी आम्हाला पाठवा. पाठवण्याआधी दोन्ही फाइलींतला पासवर्ड पुसून टाका.