जाड ऑइल टाकल्याने पुढचा शॉकअप कडक होतो का?

ब्रेक मारल्यावर बाइकचा पुढचा शॉकअप खाली बसत असेल, तर ‘जाड ऑइल टाका, थोडं जास्तच टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. ऑइल फक्त हालचालीचा वेग रोखतं. जाड ऑइलने शॉकअप दबायला वेळ लागतो, पण परत वर यायलाही लागतो. ओळीने खड्डे आले की तो पुरता उघडतच नाही, प्रत्येक धक्क्याला आणखी खाली बसतो आणि हँडलला हादरे बसतात. जास्त ऑइल तर त्याहून वाईट: वरची हवेची जागा कमी होते, दाब वाढतो आणि ऑइल सील (ऑइल आत अडवून ठेवणारी रबरी कडी) गळू लागतं.

आधी स्प्रिंग काढून तिची मोकळी (दाब नसतानाची) लांबी मोजा. मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा कमी भरली, तर दोन्ही बाजूंच्या स्प्रिंग एकदमच बदला. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच घ्या. भरल्यावर शॉकअपची सरकणारी नळी हळूहळू वर-खाली करून अडकलेली हवा काढा. पातळी मोजताना सहसा स्प्रिंग बाहेर, नळी पूर्ण दाबलेली आणि उभी हवी. वरच्या कडेपासून ऑइलपर्यंतचं अंतर दोन्हीकडे सारखंच यायला हवं.