बौद्ध अध्ययनाची वाटचाल आणि कोल्हापूरचे पुरावे

बौद्ध धर्माचा आधुनिक अभ्यास ग्रंथांपासून सुरू झाला. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी अशोकाच्या लेखांची ब्राह्मी लिपी उलगडली, १८४४ मध्ये युजीन बर्नूफ यांनी नेपाळहून पॅरिसला पोहोचलेल्या संस्कृत हस्तलिखितांवरून भारतीय बौद्ध धर्माचा इतिहास मांडला आणि १८८१ मध्ये पाली टेक्स्ट सोसायटीची स्थापना होऊन त्रिपिटकाच्या, म्हणजे पाली भाषेतील बौद्ध धर्मग्रंथांच्या, संपादनाला वेग आला. या परंपरेचे ऋण फार मोठे आहे. पण विहारांचा खर्च कोण चालवीत असे, दाते समाजाच्या कोणत्या थरांतले होते, हे प्रश्न त्या काळात मागेच राहिले.

कोल्हापूरचे पुरावे नेमके याच प्रश्नांकडे घेऊन जातात. १८७७ साली शहरातील एका स्तूपात धातुकरंडक, म्हणजे पवित्र अवशेष ठेवण्याची पेटी, सापडला. त्यासोबतच्या छोट्याशा ब्राह्मी लेखात हे ब्रह्म नावाच्या व्यक्तीचे दान असून ते धर्मगुप्ताने करविले, एवढीच नोंद आहे. तीत राजाचे नाव नाही, राजवंशाची स्तुती नाही. दान देणारा आणि ते घडवून आणणारा अशा दोघांचीच नावे टिकून राहावीत, ही गोष्ट मला कोणत्याही प्रशस्तीपेक्षा मोलाची वाटते, कारण भिक्षुसंघ कोणाच्या आधाराने उभा होता याचा थेट पुरावा अशाच लेखांत असतो. पुढे १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन नगर उजेडात आले. समुद्रदेव पोसायडनची रोमन कांस्यमूर्तीही ब्रह्मपुरीचीच; रोमन जगाशी असलेल्या व्यापाराची ती खूण. अशा व्यापारी नगरात बौद्ध दात्यांची नावे आढळावीत, हे स्वाभाविकच आहे.

सातवाहनांनंतर येथील बौद्ध धर्म लगेच लोपला, असेही म्हणता येत नाही. कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातील गंडरादित्याच्या १११० सालच्या ताम्रपटात, त्याने मिरज प्रदेशात बांधलेल्या गंडसमुद्र तलावाच्या काठी शिव, बुद्ध आणि अर्हत (जैनांचे जिन) यांची स्थापना केल्याचा उल्लेख आहे. बाराव्या शतकाच्या आरंभी एका राजाला बुद्धासाठी जागा ठेवावीशी वाटते, याचा अर्थ त्याच्या प्रजेत बुद्धाला मानणारे लोक होते की ते केवळ राजधर्माचे औदार्य होते, यावर अधिक संशोधन व्हायला हवे.

मराठीत या अभ्यासाला बळ दिले ते धर्मानंद कोसंबी यांनी. श्रीलंकेत जाऊन पाली आत्मसात केलेल्या कोसंबींनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ती शिकवली आणि बुद्धचरित्र मराठी वाचकापर्यंत पोहोचवले. १९५६ मध्ये नागपूरच्या धर्मांतराने मात्र अभ्यासाची चौकटच बदलली. ज्यांना १९२० च्या माणगाव परिषदेत शाहू महाराजांनी जाहीर पाठिंबा दिला होता, त्या डॉ. आंबेडकरांमुळे बौद्ध धर्म महाराष्ट्रातल्या लाखो लोकांचा जिवंत धर्म झाला. साहजिकच श्रीलंका, म्यानमार, थायलंड, जपान येथील बौद्ध समाजांबरोबर महाराष्ट्रातील बौद्ध समाजही संशोधकांच्या अभ्यासविषयात आला, आणि त्याच समाजातून पुढे आलेले अभ्यासक आता स्वतःच्या इतिहासाचे प्रश्न स्वतः मांडत आहेत.